कच्चे लायसन्स ते पक्के लायसन्स

श्रोतेहो, नमस्कार.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. कॉलेजातली मुले आमच्याकडे येतातच, परंतु मुलाबाळांची शिक्षणे मार्गी लागल्यावर, घरातील माणसाच्या आजारपणानंतर किंवा नोकरीतून निवृत्त झाल्यावर प्रथमच चारचाकीच्या चालकाच्या जागेवर बसणारी मंडळीही येतात, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

शिकाऊ परवाना, ज्याला आपण सगळे कच्चे लायसन्स म्हणतो, तो मिळवणे आता सोपे झाले आहे. आधार कार्डाच्या आधारे घरबसल्या परीक्षा देण्याची सोय महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. परीक्षा घरीच असल्यामुळे शेजारी बसून मुलगा किंवा भाचा उत्तरे सांगत असल्याचेही माझ्या कानावर येते. तसे कृपया करू नका. रस्त्यावरील चिन्हे, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर घ्यायची काळजी, अपघात घडल्यास चालकाचे कर्तव्य, हेच त्या परीक्षेचे विषय आहेत आणि त्यांची उत्तरे रस्त्यावर आपल्यालाच द्यावी लागतात. वयाची चाळिशी उलटली असेल, तर डॉक्टरांकडून ‘नमुना १-अ’ हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. अर्जातच एक प्रश्न असतो : दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? त्यावर ‘होय’ अशी खूण करण्यापूर्वी एकदा चष्मा लावून रस्त्याच्या कडेला उभे राहावे आणि खरोखरच वाचून पाहावे.

कच्च्या लायसन्सची मुदत ६ महिन्यांची असते आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. लोक या ३० दिवसांकडे सक्तीने थांबण्याचा काळ म्हणून पाहतात. मला मात्र संपूर्ण प्रक्रियेत हाच काळ सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे कारण सांगते.

शिकवण्याच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाखाली क्लच आणि ब्रेक यांची आणखी एक जोडी असते. गाडी चौकात बंद पडू नये, मागच्या वाहनांचा खोळंबा होऊ नये म्हणून अनेकदा प्रशिक्षकच क्लच सांभाळत असतो, आणि शिकणाऱ्याची मात्र प्रामाणिक समजूत होते की गाडी आपणच चालवत आहोत. कोर्स संपल्यावर घरची गाडी बाहेर काढावी, तर ती पहिल्याच चढावर मागे सरकू लागते आणि हातपाय गळतात. अशा प्रसंगानंतर गाडीला कायमचा रामराम ठोकणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यांच्यात काहीही उणे नव्हते. त्यांना हाफ क्लच, म्हणजे क्लचचे पेडल अर्धवट सोडून गाडी सावकाश पुढे नेणे, शिकवलेच गेले नव्हते.

म्हणून शेवटचे काही दिवस प्रशिक्षकाला दोन्ही पाय पेडलवरून काढून बसायला स्पष्टपणे सांगा. मोकळ्या, सपाट मैदानात गाडी पहिल्या गिअरमध्ये घेऊन, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच अगदी हळूहळू सोडा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीत बारीक थरथर जाणवते आणि ती मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. पाय तेथेच धरून ठेवायचा. ही जागा पायाला ओळखीची झाली की मग चढ घ्यावा : हँडब्रेक ओढलेला, क्लच त्या जागेपर्यंत सोडलेला, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटले की हँडब्रेक खाली. चढावर गाडी सुरू करणे आणि रिव्हर्स घेणे या दोन्ही गोष्टी चाचणीच्या नियमांतच आहेत, आणि ‘ट्रायलचे आम्ही बघतो’ असे सांगणाऱ्या एजंटाकडे त्यांवर उपाय नाही.

या काळात गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी आणि शेजारी लायसन्सधारक माणूस, हे बंधनकारक आहे. बहुतेक घरांत तो माणूस नवरा असतो किंवा मुलगा. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की वळणाची सूचना वळणावर पोहोचण्याच्या बरीच आधी द्यावी आणि ‘अगं, ब्रेक!’ असे एकदम ओरडू नये, कारण दचकलेल्या माणसाचा पाय नेमका कोणत्या पेडलवर पडेल याचा भरवसा नसतो. हँडब्रेक आपल्या हाताशी आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावे आणि एरवी शांत बसावे.

चाचणीत अपयश आले, तर ७ दिवसांनंतर पुन्हा जाता येते. तीनदा अपयश आल्यास ६० दिवस थांबावे लागते. पन्नाशीनंतर परवाना घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पन्नास ते पंचावन्न या वयात मिळालेला परवाना साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत चालतो, आणि पंचावन्ननंतरचा ५ वर्षे. मुदत संपण्याच्या आधी वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत उलटून वर्षाहून अधिक काळ गेला, तर मात्र चाचणी पुन्हा द्यावी लागते.