अकरावीचे गणित : कोणाच्याच हिशेबात नसलेले वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीला गणितात नव्वदच्या पुढे गुण मिळवणारा विद्यार्थी अकरावीच्या पहिल्याच घटक चाचणीत काठावर कसा येतो, हा प्रश्न अनेक घरांत दरवर्षी विचारला जातो. दोन वर्षांनी, अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की तोच प्रश्न अधिक तीव्रतेने पुन्हा उभा राहतो. पहिल्या सत्राच्या गणितात नापास झाला की पुण्याकडे ‘एम-वन राहिला’ असे म्हणतात, मुंबईकडे ‘मॅथ्सची केटी लागली’ असे म्हणतात. वाढलेला अभ्यासक्रम, बदललेले माध्यम, मोबाइल, वसतिगृहातले वातावरण अशी कारणे मग पुढे केली जातात आणि त्यांतले प्रत्येक कारण थोडेफार खरेही असते. मात्र शाळेतून महाविद्यालयात जाताना गणिताचा केवळ पसारा वाढत नाही, तर त्यात अपेक्षित असलेल्या कामाचे स्वरूपच बदलते; आणि हा बदल शिकवण्यासाठी आपल्या रचनेत जे वर्ष उपलब्ध आहे, ते अकरावीचे वर्ष, आपण जवळजवळ रिकामे सोडून दिले आहे. आज मला प्रामुख्याने याच विषयावर बोलायचे आहे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. बीजगणिताला 40 गुण, भूमितीला 40 गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला 20 गुण. एकसामयिक समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती हे घटक उत्तम आहेत आणि त्यांत काढून टाकावे असे मला काही दिसत नाही. अडचण आहे ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. प्रत्येक घटकावर कोणत्या प्रकारचे प्रश्न येतात, हे विद्यार्थ्याला जानेवारीपर्यंत पाठ झालेले असते. भूमितीत पूर्वी पक्ष, साध्य आणि सिद्धता असे तीन भाग विद्यार्थी स्वतः मांडत असे. आज ‘कृती पूर्ण करा’ या प्रकारात सिद्धतेचा सांगाडा छापूनच दिलेला असतो आणि विद्यार्थ्याने फक्त चौकटी भरायच्या असतात. कच्च्या विद्यार्थ्याला हात देण्यासाठी ही सोय योग्यच आहे, हे मी मान्य करतो. परंतु युक्तिवादाची पहिली ओळ कोणती असावी, हे ठरवण्याची सवय मात्र चौकटी भरून लागत नाही, आणि महाविद्यालयात गेल्यावर मागितली जाते ती नेमकी तीच सवय.

एक उदाहरण जरा सविस्तर घेऊ. दहावीच्या त्रिकोणमितीत सर्व कोन अंशांत असतात: तीस, पंचेचाळीस, साठ. अकरावीच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण कोन आणि त्याचे मापन यावर आहे आणि त्यात ‘रेडियन’ हे नवे एकक येते. वर्तुळात त्रिज्येइतक्याच लांबीचा कंस घेतला, तर त्या कंसाने केंद्राशी केलेला कोन म्हणजे एक रेडियन. बहुतेक वर्गांत हे प्रकरण दोन-तीन तासिकांत उरकले जाते, ‘180 अंश म्हणजे पाय रेडियन’ हे सूत्र पाठ होते आणि शिक्षक व विद्यार्थी दोघेही पुढे सरकतात. चांगले अंश असताना हे नवे एकक कशासाठी आणले, असे कोणी विचारत नाही. अकरावीच्या अखेरीस विकलन, म्हणजे एखादी राशी किती वेगाने बदलते हे काढण्याची रीत, सुरू होते आणि साइन एक्सचे विकलज कॉस एक्स, हेही पाठ होते. आता कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडवर ठेवून साइन एक काढून पाहा. उत्तर सुमारे 0.01745 येईल. पाय भागिले 180 केले, तरी हीच संख्या मिळते. हा योगायोग नाही. कोन अंशांत मोजला, तर साइनचे विकलज निव्वळ कोसाइन राहत नाही, तर त्याला पाय भागिले 180 हा गुणक चिकटतो आणि पुढच्या प्रत्येक सूत्रात तो आपल्याबरोबर वागवावा लागतो. कोन रेडियनमध्ये मोजला, तर कोन अगदी लहान असताना साइन एक्स भागिले एक्स हे गुणोत्तर एकच्या जवळ जाते आणि तो गुणक नाहीसा होतो. म्हणजे अकरावीच्या पहिल्या प्रकरणातील व्याख्येवर बारावीतील त्रिकोणमितीय विकलनाचा सगळा भाग उभा आहे. मधला हा दुवा ज्याला कोणी दाखवला नाही, त्याच्यासाठी ती दोन सुटी सूत्रे राहतात. आणि सुटी सूत्रे किती दिवस लक्षात राहतात, हे आपण सर्वच जाणतो.

दुसरे उदाहरण सीमेचे घेऊ. एक्स वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन. एक्स दोनकडे जात असताना या राशीची सीमा किती? अंशाचे अवयव पाडायचे, एक्स वजा दोन काढून टाकायचे, दोन अधिक दोन चार. वर्गातले बहुतेक हात वर येतात. मग शिक्षकांनी एवढेच विचारावे की एक्सची किंमत दोन असेल तर छेद शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही, मग तुम्ही तो अवयव कोणत्या अधिकाराने काढून टाकलात? येथे वर्ग शांत होतो. सीमा काढताना एक्स दोनच्या हवा तेवढा जवळ जातो, पण दोन होत नाही, म्हणून छेद शून्य नसतो आणि भागाकार करता येतो. उत्तर एका वाक्याचे आहे, आणि ते वाक्य म्हणजेच सीमेची संकल्पना आहे. चार हे उत्तर शाळेतल्या बीजगणिताच्या जोरावरही मिळते. महाविद्यालयीन गणित सुरू होते ते या वाक्यापासून.

असे वाक्य ऐकायला आणि बोलायला निवांतपणा लागतो, आणि अकरावीत तोच नसतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल, ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या आणि महाविद्यालयांची अदलाबदल यांत जुलै-ऑगस्ट उजाडतो. तोवर वजाबाकीच्या चिन्हांचा आणि अपूर्णांकांचा हातही उतरलेला असतो. अकरावीची परीक्षा मंडळ घेत नाही, ती महाविद्यालय आपल्या स्तरावर घेते आणि तिचे गुण पुढे प्रवेशासाठी कोणी पाहत नाही. राज्याच्या सीईटीत गणिताचे 50 प्रश्न असतात आणि त्यांत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण 20 टक्के वाटा असतो, म्हणजे सुमारे दहा प्रश्न. तेही अकरावीतील ठरावीक प्रकरणांवर. त्यामुळे शिकवणी वर्गांनी अकरावीची निवडक प्रकरणे उरकून बारावीकडे धाव घेतली, तर व्यवहार म्हणून त्यांना दोष देता येत नाही. महाविद्यालये आणि खासगी वर्ग यांच्यातील ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेमुळे विज्ञान शाखेचे कितीतरी विद्यार्थी महाविद्यालयात केवळ प्रात्यक्षिकापुरते येतात. 2018 मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचे फर्मान काढले, ते याच कारणाने. बोटाचा ठसा उमटला, तरी वर्गात काय घडते हा प्रश्न उरतोच.

सीईटीबद्दल माझा आक्षेप मर्यादित आहे. नव्वद मिनिटांत 50 प्रश्न सोडवण्याचा वेग ही काही कमी दर्जाची गोष्ट नव्हे. मात्र चार पर्यायांपैकी तीन कसे वगळावेत, याचा दोन वर्षे सराव केलेल्या विद्यार्थ्यासमोर अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी रोलचे प्रमेय, टेलरची श्रेणी, आंशिक विकलन आणि सारणींची आयगेन मूल्ये येतात, तेथे पर्याय छापलेले नसतात. बी.एस्‌सी.ला गेलेल्याची अडचण आणखी निराळी. दहावीत त्याने पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे उलट बाजूने मांडलेले विधान, सिद्ध केलेला असतो, बारावीत तर्कशास्त्राच्या प्रकरणात सत्यता सारण्या भरलेल्या असतात, आणि आता त्याला विचारले जाते की विकलनक्षम फल (फंक्शन) सतत असते हे खरे, पण प्रत्येक सतत फल विकलनक्षम असते का? नसते, केवल मूल्याचे फल शून्यापाशी सतत आहे, पण तेथे त्याच्या आलेखाला टोक आहे. हा प्रश्न व्यत्यासाचाच आहे. शाळेतली भूमिती, बारावीचे तर्कशास्त्र आणि पदवीचे कलन (कॅल्क्युलस) या तीन ठिकाणी एकच विचार तीनदा भेटतो आणि तिन्ही वेळा अनोळखी वाटतो. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची तर पहिल्या वर्षाच्या गणिताशी गाठच पडत नाही, ते थेट लाप्लास रूपांतरासमोर उभे राहतात.

यावर ‘ब्रिज कोर्स’, म्हणजे दोन टप्प्यांमधली उणीव भरून काढणारा पूरक वर्ग, हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी आलेखन यांचे असे वर्ग विद्यापीठांनी घ्यावेत, असे सुचवले आहे. कल्पना चांगली आहे, पण दोन आठवड्यांत बारावीची सर्व सूत्रे फळ्यावर पुन्हा लिहिणे, असे या वर्गांचे स्वरूप असेल, तर त्यातून फारसे निष्पन्न होणार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत 1970 च्या दशकात युरी ट्रीसमन यांनी कलन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे बारकाईने निरीक्षण केले. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, पण एकेकटे अभ्यास करत होते. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे उदाहरणे सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. ट्रीसमन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी गटाने काम करण्याचे वर्ग सुरू केले आणि त्यांत सोपी उजळणी ठेवली नाही, तर नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे दिली. त्या विद्यार्थ्यांचे निकाल ठळकपणे सुधारले. आपल्याकडे गटाने काम होतेच, पण ते असाइनमेंट छापण्यासाठी!

आपल्या देशातही याच्या जवळ जाणारा अनुभव आहे. एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या नावाने ओळखला जाणारा गणिताच्या उन्हाळी प्रशिक्षणाचा उपक्रम 1993 पासून चालू आहे. तेथे अध्यापक व्याख्याने देत सुटत नाहीत, तर प्रश्न विचारत जातात आणि विद्यार्थ्याने उत्तराचे कारण सर्वांसमोर मांडायचे असते. अर्थात तेथे निवडलेले विद्यार्थी असतात. 80 जणांच्या तुकडीत हे कसे करावे, असे कोणीही विचारील.

माझे उत्तर असे आहे की, त्यासाठी नवी तासिका मागण्याची गरज नाही. बारावीच्या गणितात 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचे प्रात्यक्षिक आहे. हे प्रात्यक्षिक लहान तुकड्यांत घेण्याची सोय असूनही बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘जर्नल पूर्ण करणे’ एवढाच उरला आहे. अकरावीपासूनच या वेळेत चार-चार विद्यार्थ्यांच्या गटाला आठवड्याला एकच प्रश्न द्यावा, आणि त्याचे उत्तर पूर्ण वाक्यांत लिहून घ्यावे. ए वर्ग अधिक बी वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ ए अधिक बी का नाही? तीन आणि चार घेऊन पाहिले की वर्गमूळ पाच येते आणि बेरीज सात. पण मग ते कधीतरी बरोबर ठरते का, आणि ठरत असेल तर नेमके केव्हा? वर्गसमीकरण सोडवणाऱ्या विद्यार्थ्याने त्याचा आलेख काढला, तर विवेचक ऋण असणे म्हणजे वक्राने एक्स-अक्षाला कोठेही न शिवणे, हे त्याला दिसेल. शाळेत आलेखाचे काम बहुधा एकसामयिक समीकरणांच्या सरळ रेषांपाशी थांबते, म्हणून हे काम अकरावीच्या पहिल्या महिन्यातच व्हायला हवे. त्याच महिन्यात घातांक, करणी, बैजिक अपूर्णांक आणि असमानता यांची एक लहानशी, गुण न धरता घेतलेली चाचणी घ्यावी. पुढे ज्याला आपण ‘कलन जमत नाही’ म्हणतो, त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात अपूर्णांक न जमण्याचा असतो.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात उत्तराचे स्पष्टीकरण मराठीत देण्याची मुभा असावी, असेही मला वाटते. चिन्हे सर्वांची एकच आहेत. कारण सांगताना अडखळणारा विद्यार्थी गणितात अडला आहे की इंग्रजीत, हे शिक्षकाला तेवढ्यावरून ओळखता येईल.

आणखी एक काम संस्थाचालकांना फार खर्च न करता करता येण्यासारखे आहे. शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि पदवी महाविद्यालय कित्येकदा एकाच संस्थेचे, एकाच आवारात असते. तरी दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची उत्तरपत्रिका कधी पाहिलेली नसते आणि तेथील प्राध्यापकांनी दहावीची प्रश्नपत्रिका चाळलेली नसते. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एका शनिवारी या तिन्ही स्तरांवरील शिक्षकांनी विद्यार्थ्यांची नावे झाकून पन्नासेक उत्तरपत्रिका एकत्र बसून वाचाव्यात. कोणत्या पायरीवर कोणती चूक जन्माला येते आणि ती किती वर्षे तशीच पुढे जाते, याची एक यादी त्या दुपारी तयार होईल, आणि पुढच्या जूनमध्ये अकरावीच्या पहिल्या महिन्याचे नियोजन त्या यादीवरून करता येईल.

नमस्कार.