सही नाकबूल की सहीला नकार?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ‘डिनाय’ या इंग्रजी क्रियापदाबद्दल. शाळेत आपण पाठ करतो, डिनाय म्हणजे नाकारणे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शब्दांच्या नुसत्या याद्या घोकायला लावणं मला मुळीच पटत नाही. शब्द पाठ करायचाच, तर वाक्यासकट करावा.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एका कंपनीचा पत्रव्यवहार सांभाळायचे. एकदा एका पुरवठादाराने करारावर सही करायला साफ नकार दिला. यांनी परदेशातल्या मुख्य कार्यालयाला कळवलं, ‘ही डिनाइड टु साइन.’ तिकडच्या अधिकारी बाईंना वाक्य खटकलं. टंकताना चूक झाली असेल म्हणून त्यांनी ते मनातल्या मनात दुरुस्त करून वाचलं, ‘ही डिनाइड साइनिंग.’ आता अर्थ काय झाला? कागदावर सही आहे आणि हा माणूस म्हणतोय, ती माझी नव्हेच! लगेच उलट टपाली हुकूम आला: मूळ करार पाठवा, सही हस्ताक्षरतज्ज्ञाला दाखवायची आहे. पाठवणार काय? सहीची जागा तर कोरीच! यांनी तसं कळवलं, तर तिकडून विचारणा, सही खोडली कुणी? शेवटी बाईंनी फोनच केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे ही रिफ्यूज्ड?’ यांचा जीव भांड्यात पडला.

तर, ‘हे खरं नाही’, ‘हे मी केलंच नाही’ असं म्हणणं, म्हणजे नाकबूल करणं, ते डिनाय. ‘हे मी करणार नाही’ म्हणणं, म्हणजे नकार देणं, ते रिफ्यूज. पुन्हा सांगते: नाकबूल, डिनाय, नकार, रिफ्यूज. (तोंडावर स्पष्ट नकार द्यायला माणसं इतकी का कचरतात, कोण जाणे. खोट्या होकारापेक्षा तो कितीतरी बरा.)

‘रिफ्यूज’पुढे ‘टु’ चालतो: ‘रिफ्यूज्ड टु साइन.’ ‘डिनाय’पुढे क्रियापद आलं की ‘इंग’ लावा: ‘डिनाइड टेकिंग द मनी.’ किंवा ‘दॅट’ने जोडा: ‘डिनाइड दॅट ही टुक द मनी.’ सरळ नामही चालतं, ‘डिनाइड द चार्ज.’ मात्र ‘डिनाय’चा एक वेगळा अर्थही आहे: ‘शी वॉज डिनाइड एंट्री’ म्हणजे तिला आत येऊ दिलं नाही.

राहिला ‘रिफ्यूट’. तो पुराव्यानिशी खोडून काढण्यासाठी राखून ठेवावा. कुणी नुसतं ‘आरोप खोटा आहे’ म्हटलं आणि बातमीत ‘रिफ्यूटेड’ आलं, की मला राग येतो. पुरावा दिला नसेल, तर त्याने फक्त डिनाय केलंय.