सॅक्स नावाच्या कारागिराचं वाद्य

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नसराई लागली की जळगाव-धुळ्यापासून शहाद्या-तळोद्यापर्यंत आपल्या खानदेशात बँडवाल्यांना उसंत नसते. वरातीत क्लॅरोनेट-ट्रम्पेटच्या जोडीला एक वाकड्या सोंडेचं पितळी वाद्य असतं, सॅक्सोफोन. वाजवणारा आधी रीड तोंडात धरून ओली करतो, मग ती मुखाशी बसवून स्क्रूनं आवळतो. ही रीड म्हणजे बोरूसारख्या गवताच्या कांडाची पातळ पट्टी. तिच्या थरथरीतून सूर निघतो, म्हणून अंग पितळेचं असूनही जाणकार त्याची गणना क्लॅरोनेटसारख्या काष्ठवाद्यांत करतात.

या वाद्याच्या नावात एक माणूस आहे. अडॉल्फ सॅक्स. 1814 साली बेल्जियममधल्या दिनाँ गावी जन्मले. वडील वाद्यं घडवणारे, तेव्हा हत्यारं लहानपणीच हाती आली. बँडमधल्या पितळी वाद्यांचा दणका आणि काष्ठवाद्यांची लवचीक गोडी एकाच नळीत आणायची, हा त्यांचा ध्यास. क्लॅरोनेटची नळी जवळजवळ सारख्याच रुंदीची असते. यांनी ती तोंडाशी निमुळती ठेवून पुढं रुंदावत नेली. त्यामुळे फुंक बदलली की तोच सूर बरोबर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरोनेटला ते साधत नाही. मला तर सगळी करामत या नळीतच दिसते.

1842 मध्ये ते पॅरिसला गेले, 1846 मध्ये पेटंट मिळवलं. फ्रेंच लष्कराच्या बँडांनी त्यांची वाद्यं घेतली आणि इतर कारखानदारांचं पित्त खवळलं. पेटंट रद्द व्हावं म्हणून कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. दिवाळं तर तीनदा निघालं. 1894 मध्ये पॅरिसमध्येच ते वारले. सॅक्सहॉर्न, सॅक्सोट्रोम्बा या त्यांच्या इतर वाद्यांनाही त्यांचंच नाव होतं. पण घरोघरी पोचला तो सॅक्सोफोन. एवढं सोसलेल्या कारागिराचं नाव वाद्यावर टिकलं, हे मला अगदी रास्त वाटतं.

आपल्याकडे मनोहारी सिंग यांनी तो हिंदी चित्रपटसंगीतात गाजवला. कद्री गोपालनाथ यांनी तर गमकांनी, म्हणजे सुरांच्या हेलकाव्यांनी, भरलेलं कर्नाटक संगीत त्यावर वाजवून दाखवलं. 2004 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मंडळी, आता पुढची काही मिनिटं त्यांच्याच वादनाची. ऐकू या.