रॉकेलच्या रांगेचा भाव

(कोल्हापुरात एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय 'टंचाई आणि दुर्मिळता' असा छापलाय. हे दोन्ही शब्द एकच समजून आपण वापरतो आणि त्यापायी आपलं फार नुकसान होतं, असं माझं चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून झालेलं मत आहे. ते आज तुमच्यापुढं मांडायचंय.

आधी थोडं भाषेबद्दल. कमी पडण्याच्या बाबतीत मराठी भलतीच श्रीमंत आहे. पैशाची चणचण असते, मालाचा तुटवडा असतो, चांगल्या माणसांची वानवा असते आणि पाण्याची टंचाई असते. आता अदलाबदल करून बघा. 'माणसांची चणचण' म्हटलं की लगेच कानाला खटकतं. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण तर मी वर्गात पहिल्याच तासाला सांगायचो. अधिक महिना आला की वर्ष तेरा महिन्यांचं होतं, पण कणगीतली ज्वारी वाढत नाही. साठा तेवढाच, तोंडं तेवढीच, दिवस मात्र तीस जादा. म्हण ज्यानं केली त्याला हिशेब पक्का कळत होता.

आता मूळ गोष्ट. सन १९७४. मी नऊ वर्षांचा, आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. त्याआधीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं होतं आणि दोन-तीन महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता, तो बाराच्या घरात गेला. हे मला पुढं कॉलेजात कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की दुकानदाराच्या पाटीवर खडूनं 'रॉकेल शिल्लक नाही' असं लिहिलेलं असतं, आणि ज्या दिवशी ती पाटी पुसलेली दिसते त्या दिवशी घरी पळत जाऊन आईला सांगायचं असतं.

आमचा पाच लिटरचा पत्र्याचा डबा होता. त्याच्या कडीला आईनं लाल चिंधी बांधलेली, कारण रांगेत माणसं कमी आणि डबेच जास्त असायचे. डबा ठेवायचा, नंबर धरायचा, घरी जाऊन भाकऱ्या टाकून परत यायचं. पण पायानं डबे मागं सरकवणारेही होतेच. म्हणून बायकांनी सगळ्या कड्यांतून एक सुतळी ओवायला सुरुवात केली. एक डबा हलला की सगळी माळ वाजायची आणि चारी बाजूंनी आवाज उठायचा, "कोण हाय रं त्यो?" तालमीतला एक पैलवानही रांगेला यायचा. त्याच्या मागचा नंबर मिळावा म्हणून बायका पहाटे यायच्या, कारण त्याच्या पुढं घुसायची कुणाची छाती नव्हती! (हशा) तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्यातले बरेच जण त्या रांगेत उभे राहिलेले आहेत.

नंबर आला तरी काम झालं असं नव्हे. दुकानदार माप पिंपात असं झपकन बुडवायचा की वर फेस यायचा, आणि फेस बसायच्या आत तो नरसाळ्यात ओतून मोकळा. आई म्हणायची, "मालक, जरा थांबा, फेस बसू द्या." तो म्हणायचा, "वैनी, मागं रांग बघा की." म्हणजे रांगेत तीन तास काढायचे आणि मापात आणखी तीस सेकंद मागितले तर त्याच रांगेचा धाक! मला त्या माणसाचा राग आजही येतो. पण तो राग पुरेसा नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आई ब्लाउज शिवायची. एका ब्लाउजचे दोन रुपये मिळत. एका ब्लाउजला दोन तास लागत. तीन तास रांगेत गेले की दीड ब्लाउज बुडाला, म्हणजे तीन रुपये. ते तीन रुपये रॉकेलच्या पावतीवर कुठंच नव्हते. एका संध्याकाळी स्टोव्हला पिन मारता मारता ती मला म्हणाली, "रॉकेल स्वस्त आहे रे, पण परवडत नाही." मंडळी, पुढं मी दोन पदव्या घेतल्या, पण भाव आणि मोल यांतला फरक मला याहून नेमका कुणी सांगितला नाही.

समोरच्या वाड्यातल्या बाईंचा डबाही त्याच रांगेत असायचा, पण त्याच्याजवळ त्यांचा गडी उभा. बोर्डावरचा भाव दोघींना सारखा. खरा भाव मात्र आईला दुप्पट-तिप्पट पडत होता, कारण तिचा वेळ म्हणजेच तिची कमाई होती. आणि कोपऱ्यावरच्या एका घरी अंधार पडल्यावर मागच्या दारानं डबा भरून यायचा. त्यांना वेळही द्यावा लागत नव्हता, फक्त ओळख लागत होती.

यालाच आम्ही टंचाई म्हणतो. ठरवलेल्या भावाला लोकांना जेवढं हवंय तेवढं बाजारात येत नाही, ही टंचाई. ती भावाशी बांधलेली असते. भाव खाली धरून ठेवला की मागणी फुगते आणि माल येण्याची ओढ आटते. मधल्या खड्ड्यात रांग उभी राहते. भाव वर जाऊ दिला तर रांग मोडते. पुस्तक इथं थांबतं. मी थांबणार नाही, कारण भाव चौपट झाला असता तर रांग मोडली असती हे खरं, पण आमच्या घरचा स्टोव्हही विझला असता. आईचा नंबर लागला नसता, ती रांगेतूनच गळाली असती. मग कुणी म्हणालं असतं, 'आता टंचाई नाही.' त्याचंही खरंच ठरलं असतं!

हा मुद्दा लाखो जीवांचा आहे. बंगालचा १९४३ चा दुष्काळ. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आकडे मांडून दाखवलं की त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. युद्धाच्या खर्चानं तांदूळ महागला, आणि शेतमजूर, कोळी, न्हावी यांची मजुरी त्या भावापुढं कवडीमोल झाली. धान्य होतं, त्यांच्या हातात ते घेण्याची ऐपत नव्हती. आणि त्याच्या कितीतरी आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, आपल्या शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली होती. बाजारात धान्य असून माणूस उपाशी मरू शकतो, हे त्यांनी ओळखलं होतं. टाळ्या त्यांच्यासाठीच आहेत, मला ठाऊक आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे दुर्मिळतेला दहाच मिनिटं मिळणार. ठीक आहे, भराभर बोलतो.

दुर्मिळता म्हणजे रांग नव्हे. लायनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९३२ साली अर्थशास्त्राची व्याख्याच तिच्यावर उभी केली. माणसाला हवं बरंच असतं, साधनं मर्यादित असतात, आणि एकच साधन दहा ठिकाणी लावता येतं. आईचे तीन तास हे असं साधन. ते रांगेत लावले की शिलाईला उरत नाहीत. रॉकेलचा महापूर आला असता तरी तिचा दिवस चोवीस तासांचाच राहिला असता. टंचाई येते, जाते. दुर्मिळता राजाच्या वाड्यातही असते, कारण त्यालाही एका वेळी एकाच ठिकाणी बसता येतं.

आता टंचाई कशी ओढवते ते बघायला २०१९ च्या महापुराचा ऑगस्ट आठवा. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, पेट्रोल येईना. आणि ज्या शहराला पाण्यानं वेढलं होतं त्या शहराचे नळ कोरडे, कारण पाणी उपसणारी केंद्रंच पाण्याखाली गेली होती. आमच्या गल्लीत पत्र्याच्या पागोळ्यांखाली घागरी मांडल्या होत्या. पहिली घागर ओतून द्यायची, पत्रा धुऊन निघाला की दुसरी भरायची. चौकात टँकर आला की पुन्हा तीच रांग, फक्त डब्यांऐवजी कळश्या. पाऊस निसर्गाचा, पण उपसा केंद्र कुठं आणि किती उंचीवर बांधायचं हे माणसानं ठरवलेलं असतं. टंचाई दिसली की मी म्हणूनच आधी विचारतो, हे कुणी ठरवलं? 'यंदा पाणीटंचाई आहे' असं आपण 'यंदा थंडी आहे' या सुरात म्हणतो, आणि मग जाब द्यायला कुणी उरत नाही.

दुर्मिळतेला वेगळा प्रश्न विचारावा लागतो: हे घेताना काय सोडतोय? हा प्रश्न आपण उसापाशी विचारत नाही, आणि मला त्याचं दुःख आहे. मी उसाच्या विरुद्ध नाही, माझ्या मामाच्या उसावरच माझी फी भरली गेली. पण आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा असतो. ज्याच्या पंपाला मीटर नाही, त्याचं बिल अश्वशक्तीवर येतं. तासभर चालवा नाहीतर रात्रभर, आकडा तोच. रात्री वीज आली की मोटर सुरू करून माणूस झोपतो, त्याला दोष कसा द्यायचा? जादा पाण्याला भावच नाही, मग ते दुर्मिळ आहे हे त्याला कळणार कशानं? एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला पाऊस धो धो कोसळतो आणि शिरोळला जेमतेम पडतो. तरी पाण्याच्या अतिरेकानं जमिनी क्षारपड झाल्या, म्हणजे क्षार वर येऊन नापीक झाल्या, त्या शिरोळमध्ये. पाणी पाटानं द्यायचं की ठिबकनं, बिल कशावर मोजायचं, आणि मीटर लावला तर लहान शेतकरी माझ्या आईसारखा रांगेतून गळणार नाही ना, याची उत्तरं एकदम द्यावी लागतील. यावर माझ्या टिपणात चार पानं आहेत. ती आज राहिली.

दुसरी चिठ्ठी आली. शिरोळ भागातून आलेले कुणी असतील तर खाली चहाच्या टेबलाशी थांबा. ठिबक घातल्यावर क्षारपड रानाचं नेमकं काय झालं, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.