लागेल तेव्हा द्यायची गोळी

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी कोणाचे आईवडील, काका-मावशी अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये असतील तर आज जरा कान देऊन ऐका.

तिकडे पीआरएन नावाची ऑर्डर असते, म्हणजे गोळी रोज ठरल्या वेळेला नाही, लागेल तेव्हा द्यायची. दुखण्यावरची असेल तर ठीक आहे, पेशंट स्वतःच मागतो, पण डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या आजी काही लोराझेपाम, म्हणजे घबराट कमी करून गुंगी आणणारी गोळी, मागत नाहीत हो, ती द्यायची की नाही हे रात्रपाळीची नर्स ठरवते आणि तेव्हा तिच्या एकटीच्या गळ्यात बरेच पेशंट असतात.

म्हणून नोव्हेंबर 2017 पासून तिथल्या केंद्र सरकारचा नियम आहे की मनावर, वागण्यावर परिणाम करणारं औषध पीआरएन असेल तर 14 दिवसच. झोपेची किंवा अँग्झायटीची गोळी पुढे चालू ठेवायची तर डॉक्टरने कारण आणि मुदत लिहून ठेवायची. अँटीसायकोटिकला, म्हणजे भास-भ्रमांवरच्या औषधांना, मात्र ही सवलत नाही, हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिन वगैरे परत हवं असेल तर पेशंटला प्रत्यक्ष तपासूनच नवी ऑर्डर, नर्सने फोनवर सांगितलं तेवढ्यावर नाही. आणि हे बरोबरच आहे, कारण डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, यातल्या नव्या पिढीच्या औषधांवर 2005 मध्ये आणि जुन्यांवर 2008 मध्ये तसा ठळक इशारा टाकलाय.

पण खरी गोम नोंदीत असते. "बेचैन होत्या, गोळी दिली" एवढंच लिहिलं तर काय कळणार? आजी नक्की काय करत होत्या, चादर ओढत होत्या का, सारख्या उठू पाहत होत्या का, म्हणजे बाथरूमला जायचं असेल, पोट साफ नसेल, कुठे दुखत असेल, नाहीतर कानातल्या मशीनचा सेल संपला असेल. गोळीआधी काय करून पाहिलं आणि तासाभराने त्या कशा होत्या, हे लिहिलेलं हवं.

फार्मासिस्ट दर महिन्याला औषधं तपासतो, खटकलं तर डॉक्टरला कळवतो, आणि बदल करायचा नसेल तर डॉक्टरला का नाही ते लिहावं लागतं. एक पळवाट मात्र राहतेच, पीआरएन बंद करून तीच गोळी रोजची केली की 14 दिवसांची अट सुटते. मग डोस हळूहळू कमी करून पाहायचा नियम लागतो, पण त्यात महिने जातात. तेव्हा केअर प्लॅन मीटिंगला, म्हणजे पेशंटची देखभाल ठरवायच्या बैठकीला, गेलात की औषधांचा चार्ट मागा, आणि नवी "रोजची" गोळी दिसली तर ती आधी पीआरएन होती का ते तिथेच विचारा.