यादीत नाव आलं का?

(दृश्य : सकाळ. महापालिकेच्या एका झोन कार्यालयाचा जिना. जिन्यावर बसलेल्या बायका, मांडीवर कागदांच्या पिशव्या.)

नागपूर महानगरपालिकेचे झोन दहा. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. यांतल्या कुठल्याही कार्यालयात सकाळी जा, अशा पिशव्या दिसतातच. आत रेशनकार्ड, आधार, लाइट बिल आणि घडीवर फाटायला आलेली घरटॅक्सची जुनी पावती. घराच्या जागेचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, ज्यांना मिळणार त्यांची यादी लागते, म्हणून टेबलावरच्या बाबूला विचारायचा प्रश्नही ठरलेला : "साहेब, यादीत नाव आलं का जी?"

2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या 24 लाखांच्या घरात होती. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग झोपडपट्ट्यांत राहणारा. चारशेहून अधिक वस्त्या. हे शहर संत्र्यांचं, दीक्षाभूमीचं, हिवाळी अधिवेशनाचं म्हणून ओळखलं जातं. पण दर तीन माणसांमागे एकाचं घर ज्या जमिनीवर आहे, त्या जमिनीचा कागद अनेक पिढ्या त्याच्याकडे नव्हता. आजही पुष्कळांकडे नाही.

(दृश्य : गोळीबार चौक, तांडापेठ. बंद दारांमागून मागाचा आवाज. मग कळमना बाजार, डोक्यावर पोती.)

1877 साली इथं एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली. गिरण्यांभोवती कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या आणि हलबा, कोष्टी, मोमीन विणकरांचे मोहल्ले वाढले. गिरण्या बंद पडल्या, हातमाग गेले. छत्तीसगड, बालाघाट, भंडाऱ्याकडून मजूर येतच राहिले. बांधकाम, हमाली, धुणीभांडी, भंगार वेचणं, हातठेला : रोजचं काम, रोजचे पैसे. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी हात रिकामा. गरिबीची ही बाजू सगळ्यांना दिसते. न दिसणारी बाजू कागदांत असते, आणि हा माहितीपट तिच्याविषयी आहे.

1 जून 1993 ला 74वी घटनादुरुस्ती लागू झाली. संविधानात बारावी अनुसूची आली, तिच्यात शहरांकडे सोपवायचे 18 विषय आले. झोपडपट्टी सुधारणा त्यात आहे, शहरी दारिद्र्य कमी करणं त्यात आहे. गरिबी हा तेव्हापासून महापालिकेच्या कामाचा भाग झाला. मात्र पैसा येतो केंद्राकडून आणि राज्याकडून. आणि जमीन? ती तर अनेकांची.

(दृश्य : वस्तीतली अरुंद गल्ली. एक मुलगी टेपचं टोक भिंतीला धरून उभी. समोर वही घेतलेली बाई.)

नागपुरात वस्तीची जमीन म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोणाची? मनपाची, नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेची, नझूलची म्हणजे शहरातली सरकारी, रेल्वेची, की खासगी मालकाची? शिवाय विदर्भाचं आपलं एक वेगळं खातं आहे, झुडपी जंगल. जिथं झुडूपसुद्धा उरलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या घरं आहेत, अशा जागाही महसुली दप्तरात अजून झुडपी जंगलच. एकाच गल्लीची डावी बाजू मनपाची आणि उजवी बाजू नझूलची, असं असू शकतं. डावीकडच्या घराला पट्टा मिळतो. उजवीकडच्याला सांगतात, तुमची फाइल दुसऱ्या ऑफिसात आहे.

जून 2015 मध्ये पंतप्रधान आवास योजना आली, तेव्हा हा गुंता फार महागात पडू लागला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळणार होते. पण "स्वतःची जागा" दाखवायची कशी? पट्टा नाही, तर अर्ज नाही. म्हणून झोपडपट्टीवासीयांना मालकी हक्काचे पट्टे द्यावेत ही नागपुरातल्या वस्त्यांची जुनी मागणी गेल्या दशकात सरकारी निर्णयांपर्यंत पोचली आणि पट्टेवाटप सुरू झालं. त्यासाठी वस्त्यांतल्या संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या, निवेदनं देत होत्या, नकाशे जमवत होत्या. हे श्रेय त्यांचं आहे, आणि ते स्पष्ट सांगितलं पाहिजे.

पट्टा देण्याआधी मोजणी लागते. घराला क्रमांक, घराची लांबी-रुंदी, कुटुंबात कोण कोण, कधीपासून राहतात, पुरावा काय. महापालिकेच्या माणसाला गल्ली माहीत नसते. एका दारामागे दोन चुली आहेत, हे त्याला बाहेरून कळत नाही. धाकटा भाऊ वरच्या टिनाच्या खोलीत वेगळा राहतो, नवरा गेल्यावर सुनेनं घर चालवलं पण लाइट बिल अजून सासऱ्याच्याच नावावर आहे, हे सगळं शेजारणीला माहीत असतं. म्हणून मोजणी करणाऱ्यांबरोबर वस्तीतल्या बायका आणि पोरं फिरली, की यादी वेगळी होते. चुकलेली नावं जागच्या जागी दुरुस्त होतात. कच्ची यादी समाजभवनाच्या भिंतीवर लावली, मोठ्यानं वाचली, हरकती तिथंच घेतल्या, तर पुढचे कितीतरी तंटे मिटतात. उलट कार्यालयात बसून केलेली यादी वस्तीत आली की भांडणं सुरू होतात, आणि ती भांडणं गरिबांची गरिबांशीच असतात.

पट्ट्यावर नवरा आणि बायको, दोघांचीही नावं येतात. मला ही या सगळ्या व्यवहारातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते. दारू पिऊन घर गहाण टाकण्याची धमकी ज्या बाईनं ऐकली आहे, तिला त्या दुसऱ्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

(दृश्य : अर्धवट बांधलेलं घर. विटांवर ताडपत्री. शेजारी बचत गटाची बैठक, मध्ये रजिस्टर.)

पट्टा हातात आला म्हणून घर उभं राहत नाही. आवास योजनेचे पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. पायाचा फोटो, मग भिंतींचा, मग स्लॅबचा, आणि त्या त्या फोटोनंतर हप्ता. दरम्यान जुनं घर पाडलेलं असतं. भाड्याची खोली घ्यावी लागते. सिमेंटवाला उधार देत नाही. हा मधला काळ कुटुंबाला सावकाराच्या दारात नेतो. शासनाच्या कागदावर हा काळ दिसतच नाही, कारण दोन हप्त्यांच्या मध्ये कोणतीही नोंद नसते.

इथं बचत गट कामाला येतो. 1997 च्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेपासून हे काम शहरात चालू आहे. 2013 मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान आलं, तेव्हा त्याला नवी चौकट मिळाली. ते अभियान 2024 मध्ये संपलं. 10 ते 20 बायकांचा एक गट. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब, ही पंचसूत्री. अभियानात गट नीट चालला तर आपसांत कर्ज द्यायला 10,000 रुपयांचा फिरता निधी मिळे. अनेक गट मिळून वस्तीस्तर संघ, त्याला 50,000 मिळत. बँकेच्या कर्जावर 7 टक्क्यांवरच्या व्याजाचा भार सरकारचा होता, आणि वेळेवर फेडणाऱ्या महिला गटांना आणखी 3 टक्क्यांची सूट होती.

आकडे लहान आहेत. पण मुलाच्या तापासाठी रात्री दोन हजार लागले, तर ते शेजारच्या घरातून, ओळखीच्या बाईच्या सहीनं मिळतात. महिन्याला शेकडा दहा व्याज लावणाऱ्याकडे जावं लागत नाही.

महापालिका आणि गट यांच्या मधला दुवा म्हणजे समूह संघटिका. अभियानाच्या आखणीत सुमारे 3,000 गरीब कुटुंबांमागे एक संघटिका होती. ती गट बांधते, बँकेत खातं उघडून देते, थकलेल्या गटाला पुन्हा उभं करते, योजनेचे अर्ज भरून घेते. 3,000 कुटुंबं, एक बाई, तीही कंत्राटावर. गरिबी कमी करण्याचं काम ज्यांच्या पायांवर उभं आहे, त्यांची स्वतःची नोकरी पक्की नाही. महापालिकेच्या अर्थसंकल्पात सर्वांत आधी दुरुस्त करावी अशी ही गोष्ट आहे.

(दृश्य : सीताबर्डी मेन रोड. कपड्यांचे ठेले. दूरवर अतिक्रमण पथकाची गाडी.)

फेरीवाल्यांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, अध्यक्ष आयुक्त, आणि किमान 40 टक्के सदस्य स्वतः फेरीवाले, निवडून आलेले. त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. बुधवारी, मंगळवारी, शनिचरी अशा आठवडी बाजारांच्या नावांवर मोहल्ले वसलेलं हे शहर. इथं ठेल्याची जागा वाटाघाटीनं ठरायला हवी होती. सीताबर्डीत मात्र ती वर्षानुवर्षं गाड्या जप्त करून आणि कोर्टात जाऊन ठरत राहिली. 2020 च्या जूनमध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजनेतून 10,000 चं बिनतारण कर्ज सुरू झालं. पण ज्याची गाडी उद्या उचलली जाऊ शकते, त्यानं हप्ता कशावर फेडावा?

(दृश्य : बेघर निवारा. रात्री ओळीनं घातलेल्या गाद्या.)

शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची व्यवस्था त्या मानानं सरळ आहे. इमारत महापालिकेची, रोजचा कारभार स्वयंसेवी संस्थेचा. कोणी काय करायचं हे लिहून ठरलेलं असतं. म्हणून वाद कमी.

(दृश्य : महापालिका मुख्यालय, सिव्हिल लाइन्स.)

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. पुढे जवळपास चार वर्षं नागपुरात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती. त्या काळात यादीत नाव नसलेल्या बाईनं कोणाकडे जायचं? चांगला अधिकारी असेल तर काम होई. त्याची बदली झाली की वस्ती पुन्हा ओळख करून द्यायला उभी. चांगल्या माणसांनी अनेक कामं केली, हे खरं. पण लोकांचा हक्क कोणा एकाच्या बदलीच्या आदेशावर अवलंबून नसावा.

जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. 151 नगरसेवक आले. आता एक जुना कायदा बाहेर काढायची वेळ आहे. महाराष्ट्राने 2009 मध्येच महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, आणि त्या भागातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, योजनेसाठी पात्र कोण, हे या सभेनं सुचवायचं. गावात ग्रामसभा होते. शहरातली क्षेत्रसभा कागदावरच राहिली.

22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच असल्याचा निर्णय दिला, आणि 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं वाटप केलेल्या जागा केंद्राच्या मंजुरीनं नियमित करण्याची वाटही ठेवली. त्या वाटेनं जायचं तर प्रत्येक घराचा जुना पुरावा, मोजणी आणि प्रस्ताव लागणार. ते काम एकट्या महसूल खात्याचं नाही. झोन कार्यालयांच्या फलकावर क्षेत्रसभेची तारीख, जागा आणि वेळ लागू द्या, आणि विषयपत्रिकेवर पहिला विषय लिहा : आपल्या वस्तीची जमीन कोणाची आहे, कच्च्या यादीत कोणाची नावं सुटली आहेत, आणि त्यांचे पुरावे कोण गोळा करणार.