सेजवानमध्ये जे नसतं

श्रोतेहो, नमस्कार. आज गप्पा चायनीजच्या. पंचतारांकित नव्हे हं. चार टेबलं, लाल-पिवळी पाटी, आत पाऊल टाकलं की शेगडीचा भर्रर्र आवाज, ते चायनीज. तुमच्या नाक्यावरही असेलच एखादं.

पाटीवर कुठे 'सेजवान' लिहितात, कुठे 'शेजवान'. मूळ शब्द सिचुआन. नैर्ऋत्य चीनमधला प्रांत. आपल्याकडचा सेजवान सॉस म्हणजे सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, तेल, व्हिनेगर. काही जण त्यात टोमॅटो केचप ओततात, त्यांच्याशी माझं पटत नाही. पण सिचुआनच्या जेवणाची खरी ओळख नुसती मिरची नाही. तिथे एका झाडाच्या छोट्या फळांची साल घालतात, आणि जिभेला मुंग्या येतात. आपल्या सेजवानमध्ये ती बहुधा नसतेच. पुन्हा सांगतो, मुंग्या आणणारी ती साल आपल्या सेजवानमध्ये नसते. आता गोष्ट ऐका.

माझी आत्या देवगडची. दाताच्या डॉक्टरांना दाखवायला डोंबिवलीला आली होती. दवाखान्यातून निघेपर्यंत अडीच वाजले. चावायला नको म्हणून मी तिला शेजारच्या चायनीजमध्ये नेलं. नूडल्स आल्या. आत्या बघत राहिली. "शेवयांक ह्यो रंग खंयचो?" मग व्हेज मंचुरियन आलं. कोबीची भजी आमटीत पडलीत, असा तिचा निकाल.

आता मंचुरियनचं म्हणाल, तर मंचुरियाशी त्याचं काही नातं नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी 1975 साली मुंबईत पहिल्यांदा चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस, आणि वर कॉर्नफ्लोअरचा दाटपणा. म्हणजे आत्या फार चुकली नव्हती.

तर, गिऱ्हाईक आम्ही दोघंच. कढई शांत झाली आणि आचारी स्वतःचं जेवण घेऊन पलीकडच्या टेबलावर बसला. नेपाळचा, पंचविशीतला मुलगा. ताटात चायनीज काही नाही. वरण, भात, टोमॅटोची चटणी. (चायनीजचा आचारी स्वतः काय जेवतो ते एकदा जरूर बघा. हॉटेलची खरी परीक्षा तिथे होते, असं माझं जुनं मत आहे.)

आत्याने चमचा खाली ठेवला. नाक वर केलं. "अरे, ह्यो वास तिरफळांचो!"

मी म्हटलं, आत्या, इथे कुठली तिरफळं? पण ती उठलीच. त्याच्या ताटाशी जाऊन उभी. "ये क्या डाला है रे?" तो बिचारा घास हातात धरून म्हणाला, "टिमुर है, माई. गाँव से लाया." आणि खिशातून चुरगळलेली पुडी काढली. आत काळपट, तोंड उघडलेली बारीक फळं. आत्याने एक दाताखाली धरलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते गेलं उडत. क्षणभराने डोळे मिटून म्हणाली, "मुंग्यो इल्यो."

मग दोघांची जुंपली. ही मोडक्या हिंदीत बांगड्याच्या तिखल्याबद्दल सांगतेय, तो चटणीबद्दल. आतली काळी बी टाकायची, हे मात्र दोघं एकदमच बोलले.

घरी येऊन मी शोधलं. आपलं तिरफळ, नेपाळचं टिमुर आणि सिचुआनचं ते फळ, तिन्ही एकाच कुळातली, झँथॉक्सिलम. सख्खी नाहीत, चुलत भावंडं. म्हणजे सेजवानच्या पाटीखाली सिचुआनच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू होती कुठे, तर आचाऱ्याच्या खिशात. सॉसमध्ये नव्हती. सॉसमध्ये नव्हती!

पुढे पावसाळा सरल्यावर आत्याने वाळवलेल्या तिरफळांची पिशवी पाठवली, 'त्या झिलाक दी' असा निरोप. मी नेऊन दिली. त्याने एक तोंडात टाकलं, थोडा वेळ थांबला, आणि हळूच म्हणाला, "माई को मत बोलना, हमारा वाला ज्यादा तेज है."

मी आजवर बोललो नव्हतो. पण आत्याचा रेडिओ या वेळेला चालू असतो. नमस्कार, आत्या.